मधुमेह नसताना पहिल्या रात्री साखर २८६ आणि तिसऱ्या रात्री ४२: गंभीर जंतुसंसर्गात यकृताचे नेमके काय बिघडते?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझे सासरे ६७ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह कधीही नव्हता आणि गेल्या वर्षीच्या तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर ९४ होती. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग झाला. तो मूत्रपिंडापर्यंत चढला आणि तिथून रक्तात पसरला. हुडहुडी भरून ताप आला, बोलणे असंबद्ध झाले आणि रक्तदाब ८० च्या खाली गेला, तेव्हा आम्ही त्यांना मिरजेतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दाखल केले. पहिल्या रात्री त्यांची साखर २८६ निघाली आणि इन्सुलिन सुरू झाले. तिसऱ्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, तीच साखर ४२ वर आली आणि शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले.

आता ते साध्या वॉर्डात आहेत आणि धोका टळला आहे. घरात मात्र दोन तट पडले आहेत. आत्याबाईंचे म्हणणे असे की त्यांना मधुमेह आधीपासूनच होता आणि आपल्याला तो कळला नाही. दिरांचे म्हणणे असे की इन्सुलिन जास्त दिले गेले. डॉक्टरांनी घाईत एवढेच सांगितले की सेप्सिसमध्ये, म्हणजे अशा गंभीर जंतुसंसर्गात अवयव बिघडू लागतात तेव्हा, लिव्हर असे करते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे एका वाक्याचे उत्तर मला पुरत नाही. ज्या यकृतामुळे साखर चढली, त्याच यकृतामुळे ती तीन दिवसांत इतकी खाली कशी येऊ शकते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जीवरसायन (कराड)

ताई, मी गेली अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवतो. आधी निरोगी यकृताचे काम सांगतो, कारण बिघाड त्यावरूनच कळतो.

जेवणानंतर आतड्यांतून शोषलेली साखर प्रवेशिकेतून, म्हणजे आतड्यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेतून, सर्वप्रथम यकृतात येते. इन्सुलिनच्या सांगण्यावरून यकृत त्या साखरेचे रेणू एकमेकांना जोडून ग्लायकोजेन नावाचा, अनेक फांद्या असलेला साठा तयार करते. प्रौढ माणसाच्या यकृतात पोटभर जेवणानंतर सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट असते, पण साखर रक्तात सोडण्यासाठी लागणारे ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) स्नायूंत नसते, त्यामुळे स्नायूंचा साठा स्नायूंपुरताच राहतो. एकटा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. म्हणजे यकृताचा साठा एका दिवसाच्या उपासातच जवळजवळ संपतो, आणि तो संपत असतानाच यकृत दुसरे काम वाढवत नेते: लॅक्टेट (पेशींत साखर अर्धवट मोडली की उरणारा पदार्थ), अमिनो आम्ले आणि ग्लिसरॉल यांच्यापासून नवी साखर घडवणे. साठा फोडणे आणि नवी साखर घडवणे, या दोन कामांवर आपली रात्र निभावते.

गंभीर जंतुसंसर्गात शरीर संकटाची हाक देते. ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन आणि कॉर्टिसॉल वाढतात, आणि रोगप्रतिकारक पेशींमधून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे संदेशवाहक पदार्थ बाहेर पडतात. या सर्वांचा एकत्रित परिणाम असा होतो की साठा झपाट्याने फोडला जातो, नवी साखर जोरात तयार होते आणि त्याच वेळी स्नायू व चरबी इन्सुलिनचे ऐकेनासे होतात. म्हणून मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर २५०-३०० पर्यंत जाऊ शकते. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना ग्लुकोज भरपूर लागते, त्यामुळे हा प्रतिसाद मुळात उपयोगाचाच आहे. पण एरवी रक्तात इतकी साखर असती तर यकृताने ती साठवायला घेतली असती. इथे रक्त साखरेने भरलेले असूनही साठा करण्याचे काम थंडावलेले असते, कारण संकटाची संप्रेरके साठवणारे विकर बंद आणि फोडणारे विकर चालू ठेवतात. पहिल्या रात्रीच्या २८६ मागे हे असावे. तिसऱ्या रात्रीविषयी रुग्णांजवळ काम करणाऱ्यांनी लिहिलेले अधिक बरे.

माणदेशी (आटपाडी)

सरांचे विवेचन उत्तम आहे, पण मला दिरांची शंका अनाठायी वाटत नाही. माझ्या चुलत्यांच्या बाबतीत, रुग्णालयाचे नाव घेत नाही, इन्सुलिन चालू असतानाच साखर ३८ झाली होती आणि तेव्हाही आम्हाला आजारामुळे असे होते एवढेच सांगण्यात आले. इन्सुलिन हे साखर उतरवण्याचेच औषध आहे. ते चालू असताना साखर उतरली तर पहिला संशय यकृतावर का घ्यायचा? आणि ती ४२ ही संख्या बोटाला टोचून यंत्रावर घेतलेली असेल, तर ती तरी खरी होती का?

रात्रपाळी (सातारा)

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. माणदेशी दादांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी यंत्राविषयी. रक्तदाब पडलेला असतो आणि तो टिकवणारी औषधे चालू असतात, तेव्हा बोटांपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही, हातावर सूज असते आणि बोटाच्या थेंबाने दिलेली संख्या फसवू शकते. म्हणून अशा रुग्णाचे रक्त शक्यतो धमनीतील नळीतून घ्यायचे असते, आणि साखर फार कमी दिसली तर उपचार ताबडतोब सुरू करून नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असतो.

आता इन्सुलिनविषयी. यंत्राद्वारे शिरेतून इन्सुलिन चालू असते आणि नाकातील नळीने अन्न चालू असते. सीटी स्कॅनला न्यायचे म्हणून किंवा उलटी झाली म्हणून अन्न थांबवले जाते आणि इन्सुलिन मात्र तसेच चालू राहते. साखर कोसळण्याचे हे नेहमीचे कारण आहे, आणि रात्रपाळीत आम्ही ज्या गोष्टीला सर्वांत घाबरतो, ती हीच. म्हणून दर तासाला तपासणी असते. ताईंनी दोन वेळा विचारून घ्याव्यात: इन्सुलिन शेवटचे किती वाजता चालू होते आणि अन्न किती वाजता थांबले. शिरेतून दिलेल्या साध्या इन्सुलिनचा परिणाम ते बंद केल्यावर लवकर ओसरतो. कातडीखाली दिले असेल तर तो बराच लांबतो.

आणखी एक सांगते. शुद्धीतला माणूस साखर उतरली की घामेजतो, थरथरतो, भूक लागली म्हणतो. कृत्रिम श्वासावर झोपवून ठेवलेला रुग्ण यातले काहीच सांगू शकत नाही, आणि घाम, धडधड, गोंधळलेपण ही सेप्सिसचीही लक्षणे आहेत. त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय साखर उतरल्याचे कळत नाही.

अतिदक्षता (मिरज)

मी याच क्षेत्रात काम करतो. ताईंचे सासरे ज्या रुग्णालयात होते तिथे मी नाही आणि रुग्ण पाहिलेला नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो.

इन्सुलिन थोडेही चालू नसताना सेप्सिसमध्ये साखर उतरू शकते, हे निश्चित आहे. काही रुग्ण तर साखर ५० च्या खाली असतानाच तातडीच्या विभागात येतात. असा रुग्ण आला की आम्ही अधिक सावध होतो, कारण साखर चढलेल्या रुग्णापेक्षा साखर पडलेल्या रुग्णाची अवस्था बहुधा जास्त गंभीर असते. यामागे एकाच वेळी घडणाऱ्या अनेक गोष्टी असतात.

पहिल्या दिवसांत साठा संपलेला असतो. रुग्ण आजारपणामुळे दोन-तीन दिवस नीट जेवलेला नसतो, त्यात ताप, आणि शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ऊर्जेची गरज साधारण दहा टक्क्यांनी किंवा थोडी अधिक वाढते. आता सगळी भिस्त नवी साखर घडवण्यावर येते. नेमके तेच काम आता अडते. जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक आणि टीएनएफसारखे पदार्थ यकृतातील पीईपीसीके आणि ग्लुकोज-६-फॉस्फटेज या दोन महत्त्वाच्या विकरांची निर्मिती दाबतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. दुसरे असे की साखर घडवायला ऊर्जा खर्च करावी लागते. लॅक्टेटच्या दोन रेणूंपासून ग्लुकोजचा एक रेणू करायला एटीपीचे, म्हणजे पेशीतील ऊर्जेच्या चलनाचे, सहा रेणू लागतात. यकृतपेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रे, सेप्सिसमध्ये मंदावतात, यकृताचा रक्तपुरवठा घटतो, आणि एरवी ज्या मेदाम्लांच्या ज्वलनावर यकृत हा खर्च भागवते ते ज्वलनही घसरते. कच्चा माल दारात पडून आहे, पण भट्टी पेटत नाही, अशी ती अवस्था आहे. म्हणूनच अशा वेळी साखर उतरलेली आणि लॅक्टेट चढलेले, अशी जोडी दिसते. लॅक्टेट चढण्याला केवळ प्राणवायूची कमतरता कारण असते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ॲड्रेनलिनमुळे ते जास्त तयारही होते आणि यकृताकडून उचलले जात नाही म्हणून साचतेही.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडांची. उपासात मूत्रपिंडेही थोडी साखर घडवतात आणि शरीरातील इन्सुलिनचा निचरा करण्यातही त्यांचा वाटा असतो. ती निकामी झाली की दोन्ही बाजूंनी फटका बसतो. याखेरीज मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी थकून कॉर्टिसॉल कमी पडले, तर तेही साखर खाली ओढते.

हळद_हरिपूर

मी शेतकरी आहे, वैद्यकातले मला कळत नाही, पण जीवरसायन सरांचे वाचताना आमच्या गावची पेवे डोळ्यांसमोर आली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत असत. तोंड बंद केले की आत हवा राहत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावरही काही तास कोणी आत उतरत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि कितीतरी पेवे कायमची गेली.

मला समजले ते असे. यकृत हे साखरेचे पेव आहे. जंतुसंसर्ग म्हणजे पूर. पूर येणार म्हटल्यावर धनी घाईघाईने पेव फोडून माल बाहेर काढतो, म्हणून बाजारात एकदम हळदच हळद दिसते. आपण एखाद्या गोष्टीचे पेव फुटले म्हणतो, ते इथे अक्षरशः खरे आहे. दोन दिवसांनी बाजार रिकामा होतो, कारण पेवात काही उरलेले नसते आणि शेतात पाणी असल्यामुळे नवा माल येत नाही. हे बरोबर आहे का?

जीवरसायन (कराड)

काका, आपली उपमा मी पुढच्या वर्षी वर्गात वापरणार आहे. तिच्यात एकच भर घालतो. पेवातील हळद धनी आपल्या मर्जीने काढतो. यकृताचा साठा मात्र रोज भरतो आणि रोज रिकामा होतो, म्हणजे ते पेव आणि कारखाना दोन्ही आहे. सेप्सिसमध्ये आधी पेव रिकामे होते आणि मग कारखाना बंद पडतो. साठा संपला एवढेच घडले असते, तर निरोगी माणूस चार दिवसांच्या उपासानेही बेशुद्ध पडला असता. तो पडत नाही, कारण त्याचा कारखाना चालू असतो.

यकृत साखर बनवते हे माणसाला कळले त्याची हकिकत मोठी सुंदर आहे. पूर्वी समजूत अशी होती की साखर केवळ वनस्पती तयार करतात आणि प्राणी ती फक्त खर्च करतात. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाला १८४८ मध्ये, आहारात साखर नसलेल्या प्राण्याच्या यकृतातही साखर सापडली. १८५५ मध्ये त्याने यकृताच्या वाहिन्यांतून पाण्याचा प्रवाह सोडून ते साखरेचा मागमूस राहणार नाही इतके धुतले, तसेच ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्यात पुन्हा साखर होती. म्हणजे धुऊन न जाणारे असे काहीतरी आत होते, ज्यातून साखर तयार होत होती. १८५७ मध्ये त्याने ते वेगळे काढले आणि त्याला नाव दिले ग्लायकोजेन, म्हणजे गोडाची जननी म्हणा ना.

त्यानंतर कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने ग्लायकोजेन कसे फुटते याच्या पायऱ्या उलगडल्या आणि त्यांना १९४७ चे नोबेल मिळाले. स्नायूंतील लॅक्टेट यकृतात येऊन पुन्हा साखर होते, या फेऱ्याला त्यांचेच नाव आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी वर्णन केलेली चढलेल्या लॅक्टेटची आणि पडलेल्या साखरेची जोडी म्हणजे तो फेरा यकृताच्या टोकाला तुटल्याची खूण होय.

एक अलीकडचा शोधही सांगण्याजोगा आहे. २०१७ मध्ये पोर्तुगालमधील संशोधकांनी उंदरांवर दाखवले की सेप्सिसमध्ये मोकळे झालेले लोह यकृतातील ग्लुकोज-६-फॉस्फटेज दाबते आणि लोह बांधून ठेवणारे फेरिटिन त्याला आवर घालते. ज्या उंदरांत हे फेरिटिन तयार होत नव्हते, त्यांची साखर कोसळली आणि ते जगले नाहीत. त्यांच्या शरीरातील जंतूंची संख्या मात्र इतर उंदरांपेक्षा जास्त नव्हती. जंतू तेवढेच, पण साखरेचा तोल राखता आला नाही म्हणून मृत्यू, ही गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटते. प्रतिजैविके जंतूंना मारतात, पण मधल्या काळात शरीराचा कारभार कोणीतरी चालवायला हवा.

वैद्य_वाई

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. ज्वराच्या आरंभी लंघन सांगितले आहे आणि लंघनं परमौषधम् हे वचन आपल्या घराघरांत माहीत आहे. तापात भूक मरते, ती शरीराचीच आज्ञा असते. मग सेप्सिसच्या रुग्णाला नळीने अन्न देण्याची घाई योग्य आहे का, असा प्रश्न मी आदरपूर्वक विचारतो.

अतिदक्षता (मिरज)

वैद्यराज, आपला प्रश्न निराधार नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर असे दाखवले की लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गात बळजबरीने ग्लुकोज भरवलेले उंदीर दगावले आणि उपाशी राहिलेले तगले. पण इन्फ्लुएन्झा विषाणूच्या संसर्गात उलटे घडले: तिथे खाऊ घालणे तारक ठरले आणि ग्लुकोजचा वापर रोखणे मारक ठरले. म्हणजे ताप म्हटला की लंघन, असा सरसकट नियम उंदरांतही टिकत नाही.

माणसाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. साध्या तापात एक-दोन दिवस भूक नसली तर पेज, वरणाचे पाणी, ताक असे हलके घेऊन भागते, कारण त्या माणसाचा साखरेचा कारखाना चालू असतो. जो गोंधळलेला आहे, ज्याचा रक्तदाब पडला आहे, ज्याला कावीळ दिसते आहे, त्याचा तो कारखाना चालू आहे असे गृहीत धरता येत नाही. त्याला लंघनावर ठेवणे धोक्याचे आहे. अतिदक्षता विभागातही आम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण आहार भरत नाही; थोड्यापासून सुरू करून वाढवत नेतो. दीर्घ उपासमार झालेल्या किंवा रोज मद्य घेणाऱ्या रुग्णाला तर ग्लुकोज देताना थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधी किंवा बरोबरच द्यावे लागते, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

वैद्य_वाई

हा भेद मला मान्य आहे. ज्याचे बल शाबूत आहे त्यालाच लंघन सोसते आणि दुर्बलाला ते वर्ज्य आहे, हे आमच्या शास्त्रातही आहे. लोक वचनाचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात.

वारणा_परिचारिका (शिराळा)

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. चर्चा मोठ्यांची चालली आहे, म्हणून बालकांविषयी लिहिते. तान्ह्या बाळाचा साठा फार थोडा असतो आणि वजनाच्या मानाने त्याचा मेंदू मोठा असतो. जंतुसंसर्ग झालेले बाळ अंगावर ओढेनासे झाले की त्याची साखर फार लवकर उतरते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे तर विचारूच नये, कारण यकृतातला साठा मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत भरला जातो. गंभीर हिवतापातही मुलांची साखर अशीच पडते.

आमच्या प्रशिक्षणात असे शिकवले आहे की गंभीर आजारी बालकाला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी, ते गिळू शकत असेल तर, आईचे दूध पाजावे. ते शक्य नसेल तर वरचे दूध किंवा साखरेचे पाणी ३० ते ५० मिली द्यावे. हे पाणी २०० मिली स्वच्छ पाण्यात सपाट चार चमचे, म्हणजे २० ग्रॅम साखर विरघळवून करतात. डोंगरातील वाडीवरून तालुक्याला पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात हे पाणी बाळाला तारून नेऊ शकते. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात, मग तो लहान असो वा मोठा, उसाचा रस, गुळाचे पाणी किंवा मध कधीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते.

अजिंक्यतारा (सातारा)

आमच्या आईचा अनुभव वेगळा आहे, पण याच विषयाचा आहे. तिला मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन चालू होते. मागच्या पावसाळ्यात जुलाब आणि ताप सुरू झाला. जेवण बंद होते, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत म्हणून आम्ही त्या देत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती उठेना. साखर ३४ होती. रुग्णालयात ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर आली, पण पुढे जवळजवळ दीड दिवस साखर पुन्हा पुन्हा खाली येत राहिली. मूत्रपिंडांचे काम मंदावल्यामुळे गोळीचा अंश शरीरातच राहिला आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. गोळ्या कधी थांबवायच्या हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

अतिदक्षता (मिरज)

आपण हे लिहिलेत ते फार चांगले झाले, कारण हा प्रकार प्रत्येक पावसाळ्यात दिसतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढत राहते, रुग्ण जेवला आहे की नाही हे तिला कळत नाही. मेटफॉर्मिनचा धोका वेगळा आहे: ते एकटे सहसा साखर फार पाडत नाही, पण मूत्रपिंडे बिघडलेली असताना आणि लॅक्टेट चढत असताना ते चालू ठेवणे घातक ठरू शकते. प्रत्येक मधुमेही कुटुंबाने, सगळे ठीक असतानाच, आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे: उलट्या, जुलाब किंवा ताप असून जेवण बंद झाले तर कोणती गोळी थांबवायची, कोणती चालू ठेवायची आणि साखर किती वेळा पाहायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ते आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये.

माणदेशी (आटपाडी)

डॉक्टर, एक प्रश्न उरतो. आजारात साखर चढणे हा शरीराचाच प्रतिसाद असेल आणि इन्सुलिनने ती पडण्याची भीती असेल, तर इन्सुलिन द्यायचेच कशाला?

अतिदक्षता (मिरज)

या प्रश्नावर आमच्या शाखेत मोठा वाद झाला आहे. २००१ मध्ये बेल्जियममधील लुव्हेन येथील अभ्यासात, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, साखर ८० ते ११० इतकी काटेकोर ठेवल्यास मृत्यू कमी होतात असे दिसले आणि जगभर तसे करण्याची लाट आली. २००९ मध्ये नाइस-शुगर हा ६,१०४ रुग्णांचा बहुराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. साखर ८१ ते १०८ ठेवलेल्या गटात ९० दिवसांतील मृत्यू २७.५ टक्के होते, तर ती १८० किंवा त्याखाली ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण काटेकोर गटात ६.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.५ टक्के होते. तेव्हापासून साखर १८० च्या वर राहू लागली की इन्सुलिन सुरू करायचे आणि ती साधारण १४४ ते १८० च्या दरम्यान ठेवायची, असा संकेत आहे. २८६ तशीच सोडली तर लघवीवाटे पाणी जाते आणि जंतूंशी लढण्याची क्षमताही घटते. म्हणून इन्सुलिन देतो, पण आकडा सुंदर दिसावा म्हणून देत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रात्रपाळी ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल मी आणि दीर दोघांनी रुग्णालयात जाऊन नोंदी दाखवण्याची विनंती केली. तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून कागद समजावून दिले.

शिरेतून चालू असलेले इन्सुलिन त्या तिसऱ्या रात्रीच्या आधी, संध्याकाळी सात वाजता, साखर १४८ असताना, बंद केले होते. कातडीखाली एकदाही दिलेले नव्हते. नळीचे अन्न थोडे थोडे चालू होते, पण पोटात साचत असल्याने रात्री अकराला थांबवले होते. पहाटे चारला धमनीतील रक्तात साखर ४२ निघाली. त्याच नमुन्यात लॅक्टेट ६.८ होते. त्या दिवशीचे बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) ४.१ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) ३.२ होते. २५ टक्के ग्लुकोजचे १०० मिली दिल्यावर साखर १५६ झाली आणि दोन तासांत पुन्हा ६१ वर आली. मग १० टक्के ग्लुकोज सतत चालू ठेवले, ते जवळजवळ दोन दिवस. लॅक्टेट उतरत गेले तसतसे ग्लुकोज कमी करता आले. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ५.६ आली आहे.

अतिदक्षता (मिरज)

ताई, या नोंदींवरून आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होते. इन्सुलिन बंद होऊन नऊ तास झाले होते. मूत्रपिंडे मंदावल्यामुळे परिणाम थोडा लांबला असे धरले, तरी शिरेतील इन्सुलिन इतका वेळ आणि त्यानंतर पुढे दोन दिवस साखर पाडत राहील हे संभवत नाही. २५ ग्रॅम साखर शिरेतून दिल्यावर ती दोन तासांत संपली, सोबत लॅक्टेट ६.८ आणि कावीळ. पेव रिकामे आणि कारखाना बंद असण्याचे हे चित्र आहे. अन्न थांबल्यामुळे बाहेरून येणारी थोडी आवकही तुटली, हा त्यातला उघडा झालेला कच्चा दुवा. अन्न थांबवल्या क्षणी १० टक्के ग्लुकोज लावले असते, तर साखर कदाचित इतकी खाली गेली नसती. एचबीए१सी ५.६ म्हणजे आत्याबाईंची शंकाही मिटावी. मात्र आजारात रक्त चढवले असेल तर या चाचणीचा आकडा फसवू शकतो, तेवढे विचारून घ्या.

माणदेशी (आटपाडी)

नोंदी पाहिल्यावर माझी या रुग्णापुरती शंका मागे घेतो. चुलत्यांच्या वेळी आम्हीही या दोन वेळा विचारायला हव्या होत्या, ही रुखरुख मात्र राहील.

हळद_हरिपूर

ताई, पेव पुन्हा भरते का, हे डॉक्टरांना विचारावेसे वाटते. आमची पुरात गेलेली भरली नाहीत.

जीवरसायन (कराड)

काका, यकृताचे भरते. इन्सुलिनचे ऐकणे परत सुरू झाले आणि माणूस जेवू लागला की साठा काही दिवसांतच पूर्ववत होऊ लागतो. भरून यायला वेळ लागतो तो स्नायूंना. यकृताने संकटात साखर घडवली, ती मुख्यतः स्नायूंतील प्रथिने मोडून आलेल्या अमिनो आम्लांपासून आणि लॅक्टेटपासून. अशा आजारातून उठलेल्या माणसाच्या मांड्या आणि दंड पाहिले, की साखर कुठून आली ते दिसते.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, हे वाचून मी उठून सासऱ्यांकडे गेले. त्यांच्या पायजम्याची नाडी मी दोन वेळा आत घेतली होती, पण त्याचा या साखरेशी संबंध असेल हे माझ्या मनातही आले नव्हते. आज ते आधाराने दहा पावले चालले. परवा घरी सोडणार आहेत. घरी गेल्यावर साखर किती दिवस तपासावी आणि रात्रीच्या लांब उपासाची आता भीती आहे का?

अतिदक्षता (मिरज)

पहिले आठ-दहा दिवस सकाळी उपाशीपोटी एकदा पाहा. ती सतत ७० च्या वर असेल आणि ते नीट जेवत असतील, तर रोज टोचण्याची गरज नाही. तूर्त रात्री झोपण्यापूर्वी एक पेला दूध आणि सोबत थोडे खाणे द्या, आणि दिवसभरात डाळ, अंडी किंवा दही यांतून प्रथिने भरपूर जाऊ द्या. मूत्रपिंडांचा आकडा पाहून प्रमाण तिथले डॉक्टर सांगतील. तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी पुन्हा करा, कारण आजारात साखर चढलेल्या काहींना पुढे मधुमेह होतो. पुन्हा ताप आला, लघवीला जळजळ झाली किंवा बोलणे थोडेही असंबद्ध वाटले, तर सकाळची वाट पाहू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

हे सर्व वहीत उतरवून घेतले आहे. तीन महिन्यांनी दोन्ही आकडे याच धाग्यावर लिहीन.